गेम तोच, नियम आपले: स्वतःचं चॅलेंज कसं ठरवायचं

पोकेमॉन रुबी (पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून त्यांच्या लढाया लावायचा गेम) तिसऱ्यांदा खेळताना माझ्या लक्षात आलं की बटनं आपोआप दाबली जातायत. कोणता पोकेमॉन कुठे सापडतो, कुणाला कशाने हरवायचं, सगळं पाठ झालं होतं. गेम अजूनही मनापासून आवडत होता, पण त्यात डोकं लावायला जागा उरली नव्हती. तेव्हा कळलं की जगभरचे लोक आवडता गेम स्वतःच्या नियमांनी पुन्हा खेळतात. मी उत्साहाने एकदम सहा नियम लादून घेतले आणि दोन दिवसांत सगळं सोडून दिलं. पुढची काही वर्षं चुकतमाकत शिकले. तुमची ती वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की धरा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. ज्या नियमामुळे तुम्हाला पूर्वी घ्यावे न लागणारे निर्णय घ्यावे लागतात, तो नियम चांगला. ज्याने फक्त तास वाढतात, तो टाकून द्या. ‘शत्रूला मारायला दहापट वेळ लागावा म्हणून सगळ्यात कमकुवत तलवार वापरायची’ हा दुसऱ्या जातीचा नियम आहे. तेच दोन बटनं हजार वेळा दाबावी लागतात, बाकी काही बदलत नाही.

काय काय लागेल

- तुम्ही निदान एकदा शेवटपर्यंत खेळलेला गेम.
- रिकामा सेव्ह स्लॉट किंवा वेगळं प्रोफाइल. जुन्या सेव्हवर चॅलेंज सुरू करू नका.
- वही, किंवा फोनमधली एक नोट. नियम आणि नोंदी दोन्ही एकाच ठिकाणी.
- एक फासा किंवा नाणं. कशाला, ते खाली येईल.
- कॉम्प्युटरवर खेळत असाल तर सेव्ह फाइल कोणत्या फोल्डरमध्ये असते याची माहिती. स्टीमवर क्लाउड सेव्ह चालू असेल तर जुनी फाइल परत ठेवताना ते बंद करा, नाहीतर क्लाउडवरची प्रत तुमच्या फाइलवर येऊन बसते.
- वेळेचं चॅलेंज असेल तरच टायमर (लाइव्हस्प्लिट फुकट मिळतं), रेकॉर्डिंग हवं असेल तरच ओबीएस स्टुडिओ. पहिल्या रनला (सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एक खेळ म्हणजे एक रन) दोन्ही नको.

१. आधी गेम साधेपणाने पूर्ण करा

नवाकोरा गेम थेट चॅलेंजने सुरू करायचा मोह होतो. तो टाळा. गेममध्ये काय आहे हेच माहीत नसेल, तर आपण स्वतःकडून काय काढून घेतोय ते कळत नाही. शिवाय एखादा अवघड प्रसंग मुळात अवघड आहे की आपल्या नियमामुळे झालाय, हेही सांगता येत नाही.

२. आपली सवय शोधा

इथे घाई करू नका. पूर्ण केलेला गेम पुन्हा उघडा, तासभर नेहमीसारखा खेळा आणि फक्त स्वतःकडे बघा. अडचण आली की हात पहिल्यांदा कशाकडे जातो? दर दोन मिनिटांनी क्विकसेव्ह? ढालीमागे लपणं? मिनीमॅपवरच्या (पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरच्या) ठिपक्याकडे नाक धरून चालणं? शंभर औषधांचा साठा करून एकही न वापरणं? जे सापडेल ते वहीत लिहा. त्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात घट्ट सवय हाच तुमच्या पहिल्या नियमाचा कच्चा माल.

माझं उदाहरण सांगते. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मी पहिल्यांदा खेळले तेव्हा माझे डोळे कायम कोपऱ्यातल्या मिनीमॅपवर असायचे. त्या गेमच्या सेटिंगमध्ये ‘प्रो’ नावाचा पर्याय आहे, त्याने मिनीमॅपसकट पडद्यावरची बहुतेक माहिती जाते. मी तो चालू केला आणि फास्ट ट्रॅव्हल (नकाशावर जागा निवडून क्षणात तिथे पोचणं) बंद ठरवलं. पहिला अर्धा तास नुसती भरकटले. मग एका टेकडीवर चढून चहूकडे पाहिलं आणि दूरवर तबेल्याच्या छपरावरचं घोड्याचं अवाढव्य डोकं दिसलं. ते असतं हे मला माहीत होतं, मी त्याच्याखालून कितीदा गेले होते. पण ते इतकं उंच का बांधलंय, ते त्या क्षणी समजलं. लांबून दिसावं म्हणून! त्यानंतर मी डोंगरांचे आकार लक्षात ठेवायला लागले, नदी कुठल्या बाजूला वाहते ते बघायला लागले. गेम बनवणाऱ्यांनी हे सगळं मांडून ठेवलंच होतं, मिनीमॅपने माझी नजर अडवली होती.

सवय काढून घेतली की गेमचा न वापरलेला भाग जागा होतो. म्हणून दुसऱ्या कुणाचं प्रसिद्ध चॅलेंज जसंच्या तसं उचलण्याआधी स्वतःची सवय बघा. जो कधी ढाल वापरतच नाही, त्याला ‘ढाल बंद’ या नियमाने काय फरक पडणार?

३. एकच नियम निवडा

पहिल्या रनला एक. फार तर पहिल्याला आधार देणारा दुसरा, जसं वर मिनीमॅपच्या जोडीला फास्ट ट्रॅव्हल होतं. सहा नियमांची माझी जी गत झाली ती अशी: हरल्यावर कोणत्या नियमामुळे हरले तेच कळेना, मग सुधारायचं काय?

नियम साधारण काय काढून घेतो, त्यावरून त्याचे प्रकार पडतात.

*साधन काढणं.* एकच हत्यार, किंवा हत्यारच नाही. ‘डिसऑनर्ड’ (२०१२) कुणालाही न मारता पूर्ण करता येतो आणि गेम त्याची दखलही घेतो. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) मध्ये उडी मारायचं ए बटन कमीत कमी वेळा दाबून तारे मिळवण्यामागे लोकांनी वर्षानुवर्षं घालवली आहेत.

*वाढ काढणं.* लेव्हल वाढवायचीच नाही. ‘डार्क सोल्स’ (२०११) मध्ये पायरोमॅन्सर (आगीचे मंत्र वापरणारा) हा वर्ग लेव्हल १ वर सुरू होतो आणि कित्येक जण तसाच शेवटपर्यंत नेतात. हे शक्य का होतं ते समजून घ्या: लेव्हल थांबली तरी हत्यारं सुधारता येतात, आणि आगीच्या मंत्रांना कोणत्याही गुणाची अट नाही. एक दार बंद केलं तरी दुसरं उघडं आहे. तुमच्या नियमातही असं दुसरं दार असायलाच हवं.

*माघार काढणं.* मेलात की संपलं. याबद्दल सहाव्या पायरीत सविस्तर.

*निवड काढणं.* फासा इथे लागतो. आपण स्वतः निवडतो तेव्हा नकळत सोयीचंच निवडतो. ‘फायनल फँटसी ५’ (१९९२) या गेमभोवती ‘फोर जॉब फिएस्टा’ नावाचा उपक्रम दरवर्षी होतो. गेममधल्या चार क्रिस्टलांमधून मिळणाऱ्या जॉबपैकी (जॉब म्हणजे पात्राचा पेशा, त्यावर त्याची कौशल्यं ठरतात) प्रत्येकी एक जॉब तुम्हाला चिठ्ठीने मिळतो आणि तेवढ्या चारांवर पूर्ण गेम काढायचा असतो. ज्या जॉबकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नसतं, त्याची ताकद अशा वेळी कळते. घरी हेच फाशावर करा: सहा हत्यारं लिहा, फासा टाका, आलेलं हत्यार घेऊन पुढचा टप्पा खेळा.

*माहिती काढणं,* म्हणजे नकाशा, हेल्थ बार, खुणा. हे वर आलंच. नवख्यांना मी हाच प्रकार आधी सुचवते, कारण यात हरण्याची भीती कमी आणि नवं दिसण्याची शक्यता जास्त.

४. नियम एका वाक्यात लिहा, मग प्रत्येक शब्दाला धरून बसा

‘कुणाला मारायचं नाही.’ किती सोपं वाक्य! ‘डिसऑनर्ड’मध्ये मी एक पूर्ण मोहीम याच नियमाने खेळले. एका पहारेकऱ्याला बेशुद्ध करून गल्लीत निजवलं आणि पुढे गेले. मोहीम संपल्यावर हिशेबाचा पडदा आला आणि मारलेल्यांच्या रकान्यात १. कोण मेलं ते मला आठवेना. गल्लीत उंदीर होते, आणि या गेममधले उंदीर बेशुद्ध माणसाला खातात. तो मृत्यू तुमच्या नावावर लागतो. पाण्यात पडलेला बेशुद्ध माणूस बुडतो, तोही. तेव्हापासून मी बेशुद्ध माणसांना उंच जागी, कचऱ्याच्या पेटीत किंवा बाल्कनीत ठेवायला लागले, आणि वहीत वाक्य असं बदललं: ‘मोहिमेच्या शेवटी मृतांचा आकडा शून्य हवा.’ आता वादाला जागा नाही, आकडा गेमच सांगतो.

शब्दाचा अर्थ किती खोल जाऊ शकतो त्याचा नमुना ‘सुपर मारिओ ६४’मध्ये आहे. ए बटन ‘दाबणं’ म्हणजे काय? त्यात दाबणं, दाबून धरणं आणि सोडणं अशा तीन गोष्टी आहेत. काही ठिकाणी बटन नुसतं धरलेलं असलं तरी काम होतं, मग ते त्या टप्प्यात शिरण्याआधीच दाबून धरून आणता येतं. म्हणून त्या मंडळींनी अर्धी दाब मोजायला सुरुवात केली. २०१६ मध्ये एका खेळाडूने याच अर्ध्या दाबेवर केलेला लांबलचक व्हिडिओ खूप गाजला. बाहेरच्याला हा कीस वाटेल, पण नियम नीट लिहिण्यातूनच तो सगळा शोध पुढे सरकला.

लिहिताना काय चालेल तेही लिहा. ‘हाफ-लाइफ २: एपिसोड वन’ (२००६) मध्ये एक अचिव्हमेंट (ठरावीक कामगिरीसाठी गेम देतो ती शाबासकी) आहे: पूर्ण गेममध्ये नेमकी एकच गोळी झाडायची. तिच्या वर्णनातच सांगितलंय की ग्रेनेड, पहार, रॉकेट आणि ग्रॅव्हिटी गन चालतील. नियम असा लिहावा.

५. गेम कुठे अडवतो ते आधी तपासा

पहिल्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये (१९८६) तलवार न घेता अगदी शेवटचा शत्रू गॅनन याच्यापर्यंत पोचता येतं. गॅननला मात्र तलवारीशिवाय हरवता येत नाही. ‘डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’ (२०११) मध्ये पूर्ण गेम कुणाला न मारता जातो, पण बॉसना (अधूनमधून येणाऱ्या बड्या शत्रूंना) मारावंच लागतं, म्हणून तिथलं अहिंसेचं अचिव्हमेंट बॉसना वगळतं. हे वीस तास खेळून झाल्यावर कळलं तर फार वाईट वाटतं. म्हणून सुरू करण्याआधी गेममधले सक्तीचे प्रसंग आठवून यादी करा: कुठे अमुक वस्तू घ्यावीच लागते, कुठे लढाई टळत नाही. तिथे नियमात ‘याला अपवाद’ असं लिहून ठेवा. आधी लिहिलेला अपवाद नियमाचाच भाग असतो. अडकल्यावर सुचलेला अपवाद म्हणजे पळवाट.

६. हार म्हणजे काय ते सुरुवातीलाच ठरवा

नझलॉक हे चॅलेंज निक फ्रँको यांनी २०१० मध्ये पोकेमॉन रुबी खेळताना सुरू केलं आणि त्यावर कॉमिक काढून लोकांपर्यंत पोचवलं. मूळ नियम दोनच. बेशुद्ध पडलेला पोकेमॉन मेला असं धरायचं, पुन्हा वापरायचा नाही. आणि प्रत्येक नव्या ठिकाणी पहिला जो पोकेमॉन समोर येईल तोच पकडायचा, निसटला तर ती जागा गेली. प्रत्येकाला नाव द्यायचं, हे बहुतेक जण त्यात धरतातच.

नावाचा भाग मला सुरुवातीला वरवरचा वाटला होता. माझ्या पहिल्या नीट रनमध्ये रूट १०१ वर झिगझॅगून नावाचा पोकेमॉन मिळाला. मी त्याचं नाव, रोमन अक्षरांत का होईना, ‘गुंड्या’ ठेवलं. तो लढाईनंतर कधीकधी काहीतरी उचलून आणायचा. पहिल्या जिममध्ये (लढाईच्या आखाड्यात) तिथली लीडर रॉक्सॅन हिच्या नोझपास या दगडी पोकेमॉनसमोर मी त्याला उतरवलं, लेव्हल १४. नोझपासने ‘रॉक टूम’ हा फटका मारला. गुंड्याची धडक दगडावर जेमतेम लागली. पुन्हा रॉक टूम. हेल्थ लाल झाली. अजून एक धडक आपली आधी होईल, असं मी धरून चालले होते. पण रॉक टूम प्रत्येक फटक्याला वेग कमी करतं हे मी विसरले. त्या वेळी नोझपास आधी आला.

एरवी मी पोकेमॉन सेंटरमध्ये (गेममधल्या दवाखान्यात) गेले असते आणि वीस सेकंदांत विसरले असते. त्या दिवशी मी कन्सोल खाली ठेवला. मग गेममधल्या कॉम्प्युटरच्या शेवटच्या बॉक्समध्ये त्याला ठेवला, त्या बॉक्सचं नाव बदललं आणि गेली अनेक वर्षं बेदरकारपणे वापरलेला तो फटका नेमकं काय करतो ते पहिल्यांदा नीट वाचलं. तिथून पुढे प्रत्येक लढाईआधी समोरच्याचे फटके वाचायची सवय लागली, ती आजही आहे.

हरण्याची व्याख्या अशी तुमच्या खेळण्याला वळण लावते, म्हणून ती आधीच लिहा. पूर्ण रन संपते? एक साथीदार जातो? की फक्त तो टप्पा पहिल्यापासून? ‘माइनक्राफ्ट’च्या हार्डकोर मोडमध्ये एकच जीव मिळतो, ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’च्या (२०१२) आयर्नमॅनमध्ये एकच सेव्ह चालते. हे मोड गेमनेच दिलेले आहेत, तिथे मोह आवरायचं काम गेम करतो. पण पहिल्याच चॅलेंजला पूर्ण रन पणाला लावू नका. चाळीस तास एका घसरलेल्या अंगठ्यापायी गेले की बरेच जण पुन्हा या वाटेला येत नाहीत. टप्पा पहिल्यापासून, एवढी शिक्षा सुरुवातीला पुरे.

आणि वीज गेली, गेम क्रॅश झाला, कंट्रोलरची बॅटरी संपली, तर काय? तेही आत्ताच लिहा. ‘माझ्या चुकीशिवाय झालेला मृत्यू धरायचा नाही’ हे वाक्य मला पुरतं, पण ते मृत्यूनंतर लिहिलेलं चालत नाही.

७. तासाभराची चाचणी

नियम लिहिला की तासभर खेळून बघा, ही रन मोजायची नाही. नियमामुळे जेव्हा जेव्हा थांबून विचार करावा लागेल तेव्हा वहीत एक रेघ मारा. तासात दोन-तीनच रेघा असतील तर नियम फार ढिला आहे किंवा नुसता वेळखाऊ आहे. दर मिनिटाला रेघ आणि दर मिनिटाला मृत्यू असेल तर फार कडक. माझ्या चांगल्या ठरलेल्या रनमध्ये सुरुवातीच्या तासात पंधरा-वीस रेघा असतात. हा माझ्या वहीतला आकडा आहे, तुमचा वेगळा येईल.

याच तासात पळवाटही दिसते. नझलॉकमधली ठरलेली पळवाट म्हणजे तासन्‌तास गवतात फिरून लेव्हल फुगवणं. त्याने धोकाच संपतो आणि वेळ मात्र भरपूर जातो. त्यावर खेळाडूंनी काढलेला तोडगा साधा आहे: पुढच्या जिम लीडरच्या सगळ्यात वरच्या पोकेमॉनची लेव्हल हीच तुमची मर्यादा. रॉक्सॅनसाठी ती १५.

८. नियम बदलायचा असेल तर

बदलायला हरकत नाही. नियम तुमचा आहे, आणि चुकीचा नियम ओढत नेण्यात काही मिळत नाही. फक्त हरल्याच्या क्षणी बदलू नका. मी पाळते ती पद्धत: बदल सुचला की वहीत तारीख घालून लिहायचा, त्या दिवशी खेळणं थांबवायचं आणि दुसऱ्या दिवशीही तो पटला तरच पुढच्या टप्प्यापासून लागू करायचा. रात्री अगदी न्याय्य वाटलेल्या माझ्या निम्म्याहून जास्त सवलती सकाळी मीच खोडल्या आहेत. सोपा करायचा बदलही तितकाच रास्त असतो. ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेमने तर गेमचा वेग कमी करण्यापासून अमर होण्यापर्यंतचे पर्याय असिस्ट मोडमध्ये स्वतःहून दिलेत. हातांना त्रास असणाऱ्याने त्यातले दोन चालू करून बाकी गेम काढला तर तेही पूर्ण दर्जाचं चॅलेंज आहे.

हातांवरून आठवलं: एकाच जागी पन्नास वेळा प्रयत्न करताना मनगट आणि अंगठा दुखायला लागतो आणि रागाच्या भरात ते जाणवत नाही. सलग दहा मृत्यू झाले की उठा. हा नियम मी प्रत्येक रनमध्ये लिहिते.

९. दुसऱ्यांबरोबर खेळत असाल तर

अनोळखी लोकांच्या टीममध्ये, हरण्या-जिंकण्याच्या सामन्यात, आपलं चॅलेंज घेऊन उतरू नका. त्यांनी तुमचा नियम मान्य केलेला नसतो आणि हार मात्र त्यांच्याही वाट्याला येते. ऑनलाइन गेममध्ये चॅलेंजसाठी मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल) किंवा ट्रेनर (गेमला फसवणारे प्रोग्राम) लावू नका, खातं बंद होऊ शकतं. मित्रांबरोबर ठरवून खेळायचं असेल तर मात्र जरूर खेळा, सगळ्यांनी मिळून नियम लिहायला बसणं हाच अर्धा आनंद आहे. अशा खेळाडूंनी आपापसात पाळलेले नियम कधीकधी गेमही उचलतो: ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये दुसऱ्याशी देवाणघेवाण न करता खेळणारे आधीपासून होते, २०१४ मध्ये त्यांच्यासाठी अधिकृत आयर्नमॅन मोड आला.

१०. पहिलं पान

वहीचं पहिलं पान कसं दिसावं, त्यासाठी माझं आत्ताच्या रनचं पान देते. याच साच्यात तुमचं भरा.

- गेम: पोकेमॉन रुबी. सेव्ह: नवी.
- सवय: एकाच ताकदवान पोकेमॉनवर सगळी लढाई काढणं.
- नियम: एका जिममध्ये कोणताही पोकेमॉन एकापेक्षा जास्त शत्रूंना हरवणार नाही.
- ‘हरवणं’ म्हणजे: शेवटचा फटका ज्याचा, त्याच्या नावावर.
- अपवाद: शत्रूंपेक्षा माझे जिवंत पोकेमॉन कमी असतील तर उरलेल्या शत्रूंसाठी एकाला दुसरी संधी.
- लेव्हलची मर्यादा: पुढच्या लीडरच्या सगळ्यात वरच्या पोकेमॉनइतकी.
- हार: नियम मोडला तर ते जिम पहिल्यापासून.
- क्रॅश किंवा बॅटरी: धरायचं नाही.
- दहा मृत्यू: उठायचं.
- चाचणीच्या तासात रेघा: १७.